काचपेटीतली बाग आणि झरा : पाणी झिरपू न देण्याची रीत



आज भाताविषयी नाही, एका वेगळ्याच वाफ्याविषयी बोलणार आहे. आपल्या भिवंडी तालुक्यात काल्हेर, कशेळी, पूर्णा, दापोडे या पट्ट्यात एके काळी भाताची खाचरं होती. तिथे आज गोदामांची छपरं दिसतात. ज्यांच्याकडे घरामागचे दोन-चार गुंठेच उरले, त्यांतल्या काही कुटुंबांनी कुंड्यांची रोपवाटिका सुरू केली आहे. ठाण्या-मुंबईचे गिऱ्हाईक जवळ, त्यामुळे धंदा बरा चालतो. तेच गिऱ्हाईक आता काचेच्या पेटीतली बाग मागते. आत माती, नेचे, शेवाळ आणि एका कोपऱ्यात वाहता झरा. अशा पेटीला साध्या कुंडीपेक्षा दाम चांगला मिळतो. पण पेटी गिऱ्हाइकाच्या घरी गळली, की नुसती पेटी परत येत नाही. त्याचे भिजलेले कपाट आणि आपले गेलेले नाव, दोन्ही पदरात पडते.

मी स्वतः बांधलेली पहिली पेटी एका प्रदर्शनात गळली. दोष माझाच होता. सांध्यावरून बोट फिरवले, कोरडे लागले, म्हणून दुसऱ्याच दिवशी पाणी भरले. संध्याकाळपर्यंत टेबलावरची चादर ओली. शेजारी एका बचत गटाची भाजीपाला बियाण्यांची पाकिटे मांडलेली होती, तीही भिजली. त्या बायांनी मला शब्दाने दुखावले नाही, पण तो दिवस मी विसरलो नाही. म्हणून आज सावकाश, एकेक पायरी सांगतो.

ही युक्ती नवी नाही. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी 1829 च्या सुमारास एका झाकलेल्या बाटलीत ओल्या मातीवर पतंगाचा कोष ठेवला होता. त्या मातीत आपोआप नेचा उगवला. दिवसा काचेवर वाफ धरते, तेच पाणी पुन्हा मातीत उतरते, म्हणून झाड टिकते, हे त्यांनी ओळखले. 1833 मध्ये त्यांनी अशा पेट्यांतून झाडे जहाजाने सिडनीला पाठवली आणि ती जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधली चहाची रोपे हिंदुस्थानात आणली, तीही अशाच पेट्यांतून.

आता कामाला लागू.

माप आणि काच : पहिली पेटी 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 40 उंच अशी करावी. काच 5 मिलिमीटर जाडीची घ्यावी. तळाचा तुकडा 60 बाय 30, पुढचा आणि मागचा 60 बाय 40, आणि बाजूचे दोन तुकडे 29 बाय 40. बाजू 29 का, म्हणाल, तर पुढच्या-मागच्या काचेची जाडी मिळून एक सेंटिमीटर जाते. चारही भिंती तळाच्या काचेवर उभ्या राहतात. काचवाल्याकडून कडा घासून घ्याव्यात. नुसत्या काचेचे वजनच 11 किलोच्या वर भरते आणि भरलेली पेटी 30 ते 35 किलोपर्यंत जाते, हे ध्यानात असू द्या.

सांधे : मत्स्यपेटीसाठी मिळते ते निव्वळ सिलिकोन घ्यावे. न्हाणीघरासाठी विकतात त्यात बुरशीनाशक असते. ते माशांना आणि पाण्यातल्या जिवांना घातक, म्हणून ते टाळावे. काचेच्या कडा स्पिरिटने पुसाव्यात आणि मग तिथे बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा राहिला तर सिलिकोन धरत नाही. सांध्याच्या दोन्ही अंगांना चिकटपट्टी लावून मधे सिलिकोनची सलग रेघ ओढावी. मधे थांबू नये. भिंती जुळल्या की आतल्या कोपऱ्यातून दुसरी रेघ देऊन बोटाने दाबत न्यावी आणि ओली असतानाच पट्टी काढावी.

आता माझी चूक कुठे झाली, ते ऐका. सिलिकोन हवेतल्या दमटपणाने बाहेरून आत सुकत जाते. वरची साय दहा-वीस मिनिटांत धरते, पण आतला भाग दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच पक्का होतो. म्हणून पूर्ण आठ दिवस पेटीला हात लावू नये. व्हिनेगरसारखा वास येत आहे तोवर आतले काम चालू आहे असे समजावे. आणखी एक, सुकलेल्या सिलिकोनवर नवे सिलिकोन नीट चिकटत नाही. गळती निघाली तर वरून थापून भागत नाही. पात्याने जुने खरवडून, पुसून, मगच नवे भरावे.

बांध : पेटीच्या एका टोकाला 20 सेंटिमीटर जागा पाण्यासाठी सोडून तिथे 10 सेंटिमीटर उंचीची काचेची पट्टी आडवी बसवावी. हा आपला बांध. खाचराचा बांध वरून धड दिसतो आणि खेकड्याच्या बिळातून रात्रभर पाणी जाते, तसेच इथे होते. पट्टीची दोन टोके आणि तळ मिळतो ते दोन कोपरे, तिथेच बीळ राहते. त्या कोपऱ्यांत सिलिकोन दाबून भरावे. पाणी 7 सेंटिमीटरच ठेवावे, म्हणजे सुमारे 4 लिटर बसते आणि वर 3 सेंटिमीटर मोकळे राहतात. ते मोकळे का, ते पुढे सांगतो.

परीक्षा : माती भरण्याआधी पाण्याच्या भागात पाणी भरून काचेवर पेनाने खूण करावी. शेजारी तेवढ्याच पाण्याचा एक पसरट वाडगा ठेवून त्यावरही खूण करावी. खाली जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरावा. दोन दिवसांनी पाहावे. दोन्हीकडे पाणी सारखेच उतरले असेल तर ते हवेत गेले. पेटीतले जास्त उतरले असेल तर गळती आहे. बांधापलीकडची कोरडी बाजू ओली दिसली तर बांध गळतो, कागद ओला झाला तर बाहेरचा सांधा गळतो. मग पलीकडच्या बाजूलाही थोडे पाणी भरून तशीच परीक्षा घ्यावी, कारण मातीतला निचराही तळाशीच साठणार आहे.

जमिनीचा भाग : तळाला 4 सेंटिमीटर धुतलेली खडी, त्यावर नायलॉनची मच्छरदाणी जाळी आणि वर माती. मातीत काथ्याचा भुसा दोन भाग, पानांचे कुजलेले खत एक भाग आणि जाड रेती एक भाग घ्यावा. शेतातली नुसती काळी माती घालू नये, ती पाणी धरून बसते आणि मुळे कुजतात. मागच्या कोपऱ्यात खडीपर्यंत जाणारी एक उभी नळी ठेवावी. तिच्यात काडी घालून खाली किती पाणी साठले ते पाहता येते आणि जास्त झाले तर पिचकारीने ओढून काढता येते.

इथे एक फसवी गळती असते. समईतली वात तेल वर ओढते, तसे बांधावरून लोंबणारे शेवाळ पाणी ओढून मातीत नेते. बांध पक्का असूनही चार दिवसांत माती चिखल होते. म्हणून माती आणि शेवाळ बांधाच्या माथ्यापासून दोन बोटे अलीकडेच ठेवावे.

झरा : पाच वॅटचा छोटा बुडता पंप पुरतो. दिवसरात्र चालला तरी महिन्याला चार युनिटांच्या आतच वीज लागते. पंप उघडा पडून कोरडा चालला तर जळतो, म्हणून पाणी रोज पाहावे. दगड आपल्या ओढ्यातला काळा कातळ उत्तम. दुसरा कोणता घेतला तर त्यावर लिंबू पिळावे. फेस आला तर त्यात चुना आहे, तो वापरू नये. सिमेंटचा डोंगर केला असेल तर दोन-तीन आठवडे पाणी बदलत भिजत ठेवावा. झऱ्याचे पाणी पाण्याच्या भागातच पडले पाहिजे, मातीकडे शिंतोडे जाता कामा नयेत.

वीज गेली की दगडावरचे आणि नळीतले पाणी खाली येते व पातळी वाढते. ते 3 सेंटिमीटर मोकळे ठेवले, ते यासाठीच. पंप दहा वेळा चालू-बंद करून पाणी बांध ओलांडत नाही ना, ते पाहावे. वायर बटणाकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी झोळावरून खाली पडते, बटणात शिरत नाही. पाण्यात हात घालण्याआधी पिन काढावी.

झाडे : नेचे, शेवाळ, फिटोनिया, पेपरोमिया, लहान सिंगोनियम आणि पाण्याच्या काठाला ब्राह्मी लावावी. निवडुंग या दमटपणात कुजतो. शेवाळ आपल्या विहिरीच्या कठड्यावरचे किंवा बांधावरचे घ्यावे. तानसा अभयारण्यातून काहीही उपटून आणू नये, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. पेटी थेट उन्हात ठेवू नये, आत भट्टी होते. काच दिवसभर धुरकट राहिली तर झाकण थोडे सरकवून ठेवावे.

डास : अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून ठरलेल्या एका वारी, दर आठवड्याला, झऱ्याचे पाणी पूर्ण बदलावे आणि कडा पुसून घ्याव्यात. गिऱ्हाइकालाही हे सांगणे आपले काम आहे. बागेबरोबर आपण कुणाच्या घरात डेंग्यू विकायचा नाही.

शेवटची गोष्ट. भरलेली पेटी कधी उचलू नये, पिळ बसून सांधा सुटतो. रिकामी पेटी सपाट फळीवर थर्माकोलचा तक्ता घालून ठेवावी. माती, झाडे आणि पाणी गिऱ्हाइकाच्या घरीच भरावे. त्यात तुमचा अर्धा दिवस जाईल, पण पेटी परत येणार नाही.

पहिली पेटी विकू नका. ती आपल्याच पडवीत महिनाभर चालवा. महिनाभर खालचा कागद कोरडा राहिला, की दुसरी विकायला बांधा. आठ दिवस थांबणे जड जाते, पण चिखलणीनंतर रोप उभे राहीपर्यंत वाट पाहणे तुम्हाला कुणी शिकवायला नको.