चंबळेचे पाणचिरे

चंबळेचे नाव मराठी माणसाला नवे नाही. अठराव्या शतकात उत्तरेकडे निघालेल्या मराठी फौजांनी ती किती वेळा ओलांडली, याची गणती नाही. पुढच्या काळात तिचे नाव दरोडेखोरांशी जोडले गेले. त्या नदीवर कोणी पक्षी पाहण्यासाठी जावे, हे मला आपणहून सुचले नसते. एका स्नेह्याच्या आग्रहाने मी गेलो.

आग्र्याहून ग्वाल्हेरीस येताना धौलपूर मागे पडले की राजघाटाजवळ चंबळ आडवी येते. दोन्ही तीरांना मातीच्या उंच, फाटलेल्या घळी आणि मध्ये नितळ, निळसर पाणी. महाभारतात हिला चर्मण्वती म्हटले आहे. रंतिदेवाच्या यज्ञातील पशूंच्या कातड्यांतून ती वाहू लागली, अशी कथा आहे. त्यामुळे ती अपवित्र ठरली आणि तिच्या काठी मोठी तीर्थे उभी राहिली नाहीत, असे सांगतात. गंगेचे पाणी पाहून आलेल्या माणसाला या अपकीर्तीचे आभारच मानावेसे वाटतात!

एप्रिलच्या प्रारंभी, उजाडता उजाडता आमची नाव सुटली. थोड्याच वेळात दहाबारा पक्षी पाण्याला जवळजवळ टेकून ओळीने आले. वरून काळे, खालून पांढरे, पंख लांब आणि चोच नारिंगी. या चोचीची खालची फाळ वरच्या फाळीपेक्षा बरीच लांब असते. ती पाण्यात बुडवून पक्षी वेगाने उडत राहतो. मासळीचा स्पर्श होताच वरची फाळ मिटते. पाण्यावर मागे एक सरळ रेघ उमटते. पाणचिरा हे नाव ज्याने दिले, त्याने ही रेघ नीट पाहिली असली पाहिजे. पिलाच्या दोन्ही फाळी मात्र आरंभी सारख्याच असतात, म्हणून त्याला वाळूवर टाकलेला मासा उचलता येतो.

नदीच्या मधोमध वाळूचे एक बेट होते. पाणचिरे तेथे उतरलेले दिसताच मी नाव लावावयास सांगितली. नावाडी काही बोलला नाही. मी दुर्बीण घेऊन पुढे गेलो, तसा सगळा थवा ओरडत उठला. नदीसुरयही उठले. मी उत्साहाने वर पाहत उभा राहिलो. पाच मिनिटे गेली असतील, तोच मागून नावाडी शांतपणे म्हणाला, "बाबूजी, चलिए. अंडे धूप में हैं."

मी खाली पाहिले. माझ्यापासून चार पावलांवर वाळूत एक उथळ खळगा आणि त्यात ठिपक्यांची तीन अंडी होती, वाळूच्याच रंगाची. तेथे घरटे म्हणून काडीसुद्धा नसते. तापल्या वाळूत पक्ष्याची सावली हेच अंड्यांचे छप्पर, आणि ते मी उडवून लावले होते. पक्षिप्रेमाचा मला तोवर थोडा अभिमान होता.

परतीच्या वाटेवर नावाड्याने बरेच काही सांगितले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री व कोल्हे चालत येतात. वरच्या धरणांतून पाणी सोडले, तर अंडी वाहून जातात. वाळूउपसा तर विचारूच नका. अभयारण्यात त्याला बंदी आहे, तरी ट्रॅक्टर येतात. याच वाळूत सुसरीही अंडी घालतात. त्यांच्यासाठी 1975 साली योजना सुरू झाली, पुढे तीन राज्यांत मिळून हे अभयारण्य झाले, आणि आज जगातील सर्वांत जास्त सुसरी येथेच आहेत. तरीही 2007-08 च्या हिवाळ्यात येथे शंभराहून अधिक मेल्या. पाणचिऱ्यांचे म्हणाल, तर मेकाँगच्या खोऱ्यातून ते नाहीसे झाले आहेत, आणि 2020 साली त्यांची नोंद संकटग्रस्त जातींत झाली. जगात प्रौढ पक्षी तीन हजारांच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

बोलता बोलता नावाड्याने नाव पलीकडच्या काठाने घेतली होती. तेथून मी पुन्हा दुर्बीण लावली. पक्षी आपापल्या खळग्यांवर बसले होते. एक तेवढा उठून पाण्याशी आला, पोटाची पिसे भिजवून घेतली आणि ओल्या अंगाने अंड्यांकडे परत गेला.