विटा उतरवण्याआधी कागद

दिवाळी झाली, सुगी घरात आली की गावात वाळूचे आणि विटांचे ढीग दिसायला लागतात. पाऊस पुन्हा येण्याआधी भिंती वर जायला हव्यात, म्हणून सगळ्यांचीच घाई. आमच्या गटाच्या बैठकीतही या दिवसांत कर्जाची मागणी बहुतेक घरासाठीच असते. म्हणून आज घराच्या परवानगीबद्दल बोलतो.

‘आपल्याच जागेत बांधायचं तर परवानगी कशाला?’ हा प्रश्न आम्हाला प्रत्येक बैठकीत ऐकू येतो. ग्रामपंचायत अधिनियम 1958 सालचा आहे. त्याच्या कलम 52 प्रमाणे गावाच्या हद्दीत नवं बांधायचं किंवा जुनं पाडून पुन्हा उभं करायचं, तर आधी परवानगी घ्यावी लागते. कायद्याची भीती राहू द्या बाजूला, हा कागद आपल्याच कामाचा असतो. आमच्या गटातल्या एका विधवा ताईंनी दोन खोल्यांचा पाया खणला आणि चौथ्या दिवशी दीर येऊन उभे राहिले. म्हणे भिंत आमच्या हद्दीत येते. ताईंकडे मंजूर नकाशा होता, त्यावर चारी बाजूंची मापं होती. पंचांसमोर टेप धरला आणि काम पुढे गेलं. कागद नसता तर त्या बाईचं सिमेंट पावसात दगड झालं असतं.

आता पहिली गोष्ट. जागा गावठाणात आहे की गावठाणाबाहेर, हे आधी बघा. सगळं पुढचं त्यावर ठरतं.

गावठाणात असेल तर काम बरंच सोपं आहे. सुमारे 1600 चौरस फुटांपर्यंतच्या घरासाठी तालुक्याला नगररचनाकाराकडे खेटे घालावे लागत नाहीत. मालकीचा कागद, जागेचा मोजणी नकाशा, घराचा नकाशा, तो नियमात बसतो असं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र आणि विकास शुल्क भरल्याची पावती, एवढं ग्रामपंचायतीत सादर करायचं. त्याहून मोठ्या, 3200 चौरस फुटांपर्यंतच्या घराचीही परवानगी ग्रामपंचायतच देते. आपल्या बहुतेकींचं घर पहिल्या मापातच बसतं. नकाशा काढणारा मात्र परवाना असलेलाच हवा. गवंडीदादा कितीही हुशार असले तरी त्यांची सही इथे चालत नाही.

गावठाणाबाहेर शेतात बांधायचं असेल तर ग्रामपंचायतीची एकटीची सही पुरत नाही. तिथे बिनशेतीचा प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत जमीन असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड चा उपयोग होतो. बांधकामाची परवानगी तरीही वेगळी घ्यायची. आणि कुणी स्वस्तात गुंठा-दोन गुंठे देतो म्हणून नुसत्या स्टॅम्प पेपरवर लिहून देत असेल, तर पैसे पदराला बांधून घरी या. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखताशिवाय ती जमीन आपली होत नाही.

आता मालकीच्या कागदाबद्दल, कारण बायांची खरी अडचण तिथेच आहे. आपण नमुना 8 चा उतारा दाखवतो आणि म्हणतो, घर आमचं. तो उतारा मुळात कर आकारणीचा आहे. घरपट्टी कुणाकडून घ्यायची ते त्यात लिहिलेलं असतं. खरी मालकी दाखवायला खरेदीखत, वाटणीपत्र किंवा मिळकत पत्रिका लागते. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होते आणि प्रत्येक घराची मिळकत पत्रिका तयार होते. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर आपल्या पत्रिकेवर नाव कुणाचं आहे ते स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलीला सोबत न्या. सासरे वारले, जागा अजून त्यांच्याच नावावर, असं घरोघरी आहे. आधी वारस नोंद, मग परवानगी, मग वीट. हा क्रम उलटा केला की चुलत्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं.

आणि नोंद करतानाच बाईचं नाव घाला. ग्रामीण भागात घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करावी, असं शासनाने 2003 मध्येच सांगितलंय. पंतप्रधान आवास योजनेतलं घरही पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर व्हायचं असतं. हे मागताना संकोच कसला? रोजंदारी बुडवून भिंतींवर पाणी आपणच मारतो.

अर्ज देताना थोडी सावधगिरी. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवू नका, झेरॉक्स द्या. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. पावती नसलेला पैसा कुठल्याही नियमात नाही. ‘साहेब मिटिंगला गेलेत’ हे उत्तर आम्ही खूप ऐकलंय. म्हणून आम्ही एकटीला पाठवत नाही, तिघी-चौघी मिळून जातो. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आपल्या तोंडी मात्र भाऊसाहेबच राहिलेत. भाऊसाहेब नाही म्हणाले तर भांडू नका. कारण लिहून मागा. पुष्कळदा लिहायची वेळ आली की अडलेला कागद निघतो.

मंजुरी मिळाली की नकाशात आहे तेवढंच बांधा. शेजाऱ्याकडची खिडकी, रस्त्यावर येणारी पायरी, पुढे ओढलेला पत्रा, भांडणं इथूनच सुरू होतात. घर पूर्ण झालं की ग्रामपंचायतीला कळवा, म्हणजे नवी आकारणी होते. नमुना 8 चा नवा उतारा हातात आला की आपलं नाव, नवऱ्याचं नाव, मापं आणि पत्रा आहे की स्लॅब, एवढं तिथेच उभं राहून तपासा. काही चुकलं असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या.