निर्दोष चित्राचा भरवसा किती?
(यवतमाळ येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीचे शिबिर भरले की फीत कापली जाते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, आणि रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या हाती ‘दोष आढळला नाही’ असा कागद पडतो. त्या कागदाचा भरवसा किती धरावा, एवढेच आज मला मांडायचे आहे.

मॅमोग्राम म्हणजे स्तनाचे क्ष-किरण चित्र. त्यात चरबी काळसर उमटते. दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू पांढरे उमटतात. कर्करोगाची गाठही पांढरीच. ज्या स्तनात ग्रंथी व तंतू अधिक, त्यात ती झाकली जाते. कापसाच्या ढिगाऱ्यात पांढरा खडा शोधण्यासारखेच ते काम. अशा स्तनाला डॉक्टर ‘घन’ म्हणतात. हाताला घट्ट लागणारा स्तन तो घन, ही समजूत मात्र चुकीची आहे. घनता चित्रावरूनच कळते.

परंतु घनता केवळ गाठ झाकत नाही. डेट्रॉईटचे डॉ. जॉन वुल्फ यांनी 1976 साली असे मांडले की, चित्रातील या पांढऱ्या भागावरून पुढे कर्करोग होण्याचा संभव ताडता येतो. प्रारंभी अनेकांनी शंका घेतली. पुढे कॅनडातील नॉर्मन बॉइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली दाखविले की, ज्यांच्या चित्राचा तीन चतुर्थांश वा अधिक भाग घन, त्यांना हा धोका एक दशांशाहून कमी घनता असलेल्यांच्या सुमारे पावणेपाच पट असतो. ही तुलना दोन टोकांची आहे; सर्वसाधारण स्त्रीशी ताडल्यास हे अंतर बरेच कमी भरते. शिवाय घन स्तन हा आजार नव्हे, चाळिशीपुढच्या असंख्य निरोगी स्त्रियांचे स्तन तसे असतात. तेव्हा भीती पसरविण्याचे कारण नाही; माहिती दडविण्याचेही नाही. अमेरिकेत सप्टेंबर 2024 पासून प्रत्येक तपासणी केंद्राला स्त्रीला तिच्या स्तनांची घनता लेखी कळवावी लागते. आपल्या शिबिरातील बाईला ती मराठीत का सांगितली जाऊ नये?

आता आपल्याकडे पाहू. घनता तरुणपणी अधिक असते आणि पाळी थांबल्यावर उतरत जाते. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारणतः दहा वर्षे आधीच्या वयात आढळतो. म्हणजे ज्या वयात आपल्या बायकांना तो गाठतो, त्याच वयात हे यंत्र अधिक चुकते. गाडीवर यंत्र चढवून गावोगाव फिरविले की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

याहून साध्या मार्गाची कसोटी महाराष्ट्रातच झाली आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून तेथील वस्त्यांत 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, हाताने तपासणी केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही. ही मर्यादा आपण लोकांना प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे.

म्हणूनच तरुण बाईच्या बाबतीत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: हाताला गाठ लागत असेल, तर मॅमोग्राम निर्दोष असला तरी तेथे थांबू नये. सोनोग्राफी व्हावी, सुईने नमुना घेतला जावा. आणि अडचण नेमकी इथेच आहे. झरी जामणीच्या किंवा उमरखेडच्या शेतमजूर बाईला यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात एकदा यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. पुढे सेवाग्राम वा नागपूर करावे लागले, तर वेचणीच्या हंगामात ती जाईल कशी? सरकारी योजनेतून उपचाराचा खर्च निघेलही, बुडालेली मजुरी कोण देणार?

केंद्र सरकारने 2016 मध्येच ठरविले की, 30 ते 65 वयाच्या प्रत्येक स्त्रीची स्तनतपासणी प्रशिक्षित हातांनी दर पाच वर्षांनी व्हावी. प्रत्यक्षात 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा एकीचीही अशी तपासणी कधी झालेली आढळली नाही. नवे धोरण मागण्याची गरज नाही. असलेलेच राबवून घ्यावयाचे आहे. आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तपासणीचे शिक्षण कोणत्या परिचारिकेला मिळाले, तपासणीचा वार कोणता, आणि गाठ आढळल्यास सुईची तपासणी कोठे व किती दिवसांत होते, याचे उत्तर लेखी मागा.