पेटीतले एक युनिट आणि खांबावरची वीज

(बीड जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



पॉवर स्टेशन म्हटले की आपल्या जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे परळीच्या चिमण्या उभ्या राहतात. १९७१ मध्ये ते केंद्र सुरू झाले. आज तिथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून तिथले संच बंद ठेवावे लागले, हेही आपण पाहिले. वीज तयार होते आपल्या जिल्ह्यात, आणि वळवाचे ढग नुसते दिसले तरी वीज जाते तीही आपल्याच गावांतली.

आता बाजारात दुसरे पॉवर स्टेशन आले आहे. हातात धरून उचलता येते. लिथियमची बॅटरी, तिच्यावर इन्व्हर्टर आणि सोलरची पिन लावायला जागा, असे सगळे एकाच पेटीत. घरी वीज गेली की पंखा आणि दिवे हिच्यावर चालतात. कापसाचे पैसे हातात आले की ही पेटी घ्यावी का, असे बरेच जण विचारतात. घ्या किंवा घेऊ नका असे मी सांगणार नाही. आपण हिशेब मांडू.

पेटीवर दोन आकडे असतात. एक वॉट-तास, दुसरा वॉट. वॉट-तास म्हणजे रांजणात पाणी किती मावते. वॉट म्हणजे रांजणाची तोटी केवढी. दुकानदार तोटीचा आकडा मोठ्याने सांगतो. तुम्ही रांजणाचा विचारा. पेटीवर १००० वॉट-तास लिहिले असतील तर तिच्यात वीज किती? एक युनिट. बिलावर असते तेच एक युनिट. त्यातलेही सुमारे १५ टक्के इन्व्हर्टर खातो. हाती उरतात ८५० वॉट-तास.

आता त्या पेटीची किंमत हिशेबापुरती ५० हजार धरा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, मालदांडी ज्वारीचा ३,७४९. म्हणजे ही पेटी हमीभावाने सहा क्विंटलांहून जास्त कापूस किंवा तेरा क्विंटलांहून जास्त ज्वारी खाते. हमीभाव प्रत्यक्षात हातात किती पडतो ते तुम्हाला ठाऊक आहे. कोरडवाहूत एकर-दीड एकराचे पीक गेले, आणि घरात आले काय? एका वेळी एक युनिट साठवायची सोय.

चांगली पेटी तीन हजार वेळा भरता येते असे सांगतात, आणि लोहयुक्त लिथियम फॉस्फेटच्या बॅटरीबाबत ते बरोबर आहे. पण आपण ती वीज गेल्यावरच वापरणार. वर्षात शंभर वेळा पूर्ण वापरली आणि दहा वर्षे टिकली तर हजार वेळा झाले. मिळाली ८५० युनिटे. पन्नास हजार भागिले ८५० केले की युनिटला ५८-५९ रुपये पडतात, आणि भरायच्या विजेचे बिल वेगळे. पेटीची वीज महाग आहे, हे मनाशी पक्के करून पुढे चला. महाग वस्तू घेऊच नये असे नाही. महाग वस्तू मोजून घ्यावी.

कृषी महाविद्यालयात आम्हाला आधी पिकाची पाण्याची गरज काढायला शिकवत, मग विहिरीकडे बघायला. इथेही तसेच करा. रात्रीची गरज लिहा. ९ वॉटचे दोन दिवे चार तास, म्हणजे ७२. साधा पंखा ७५ वॉटचा, आठ तास, म्हणजे ६००. तीन मोबाइल, ४५. बेरीज ७१७. इन्व्हर्टरची घट धरली की ८४० च्या वर जाते. म्हणजे हजाराची पेटी लागणार. आता फक्त पंखा बदला. बीएलडीसी म्हणतात तो पंखा साधारण ३० वॉट घेतो. आठ तासांचे २४० होतात, बेरीज ३५७, घट धरून ४२०. पाचशेची पेटी पुरली. एका पंख्याने पेटी निम्मी केली, आणि वीज असते तेव्हाही तो पंखा बिल कमी करतो. ठिबक न टाकता मोठी विहीर खणायची, तसली खरेदी करू नका.

नुसता मुलांच्या अभ्यासापुरता उजेड हवा असेल तर पेटी लागतच नाही. वीज गेली तरी तीन-चार तास जळणारा चार्जिंगचा बल्ब काहीशे रुपयांत येतो. आणि घर एकाच जागी असेल तर साधा इन्व्हर्टर व नळीची मोठी बॅटरी यांचाही भाव काढा. ती जड असते, पाणी घालावे लागते, चार-पाच वर्षांनी बदलावी लागते. पण गावात दुरुस्त करणारा मिळतो.

उचलता येणाऱ्या पेटीचा खरा उपयोग जिथे खांबच नाही तिथे आहे. आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. पहाटेच्या अंधारात आमच्या बहिणी चूल पेटवतात, लेकरे तिथेच झोपतात, आणि साप-विंचवाची भीती असते. तिथे लहान पेटी आणि १०० वॉटचे एक सोलर पॅनेल असले तर उजेड आणि फोन दोन्ही होतात. आपल्याकडच्या उन्हात असे पॅनेल चांगल्या दिवशी ४०० वॉट-तासांच्या आसपास देते. दोन-तीन कुटुंबांनी मिळून घेतली तरी पुरते. दम्याच्या रुग्णाचे वाफेचे यंत्र किंवा प्राणवायूचे यंत्र ज्या घरात आहे, तिथेही पेटीला पैसे मोजणे रास्त आहे. तेवढे यंत्रावरचे वॉट बघून घ्या.

आता तीन गोष्टी जिवाच्या आहेत, त्या नीट ऐका.

पहिली. आपल्यातले कितीतरी जण भाव चढेल म्हणून कापूस घरातच रचून ठेवतात. त्या गंजीजवळ, कडब्याजवळ, कोणतीही बॅटरी ठेवायची नाही. फुगलेली, पडून चेपलेली, पाण्यात भिजलेली पेटी चार्जिंगला लावायची नाही. घेताना बीआयएसची नोंदणी बघा आणि पक्के बिल घ्या.

दुसरी. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. पत्र्याखाली, उन्हात पेटी ठेवली तर बॅटरी लवकर म्हातारी होते. पॅनेल उन्हात, पेटी सावलीत.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून पेटीची वीज घराच्या बोर्डात सोडायची नाही. ती उलटी तारेवर जाते, आणि डीपीतून उलटी गेली तर पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊ शकतात. खांबावर चढलेला वायरमन तुमच्याच गावचा असतो. त्याच्या घरीही लेकरे आहेत.

एवढे सगळे केले, पेटी आली, घरात उजेड झाला. पण गाव उजळले का? पाण्याची मोटर घ्या. तीन एचपीची मोटर तीन फेजवर चालते, पेटी एक फेज देते. आणि चालली असती तरी एक युनिट वीस मिनिटांत संपले असते. पिठाची गिरणी पेटीवर फिरत नाही. ज्वारीच्या पिठाची विरी जाते, म्हणून आपल्याकडे महिन्याचे दळण एकदम करून ठेवत नाहीत. गिरणी दोन दिवस बंद म्हणजे भाकरीची अडचण. नळयोजनेचा पंपही खांबावरच्या विजेवरच चालतो. ज्या विजेवर शेत आणि गाव जगते ती कोणत्याच पेटीत मावत नाही.

मला काळजी आहे ती वेगळीच. २००५ नंतरची सात-आठ वर्षे आपण भारनियमनात काढली. एप्रिल २०२२ मध्ये कोळसा कमी पडला तेव्हा ते पुन्हा आले. त्या काळात ज्याला परवडले त्याने इन्व्हर्टर बसवला. आणि ज्याच्या घरात पंखा फिरू लागला, तो डीपीच्या अर्जावर सही करायला येईनासा झाला. गावात बोलू शकणारा, तालुक्याला जाऊ शकणारा माणूस तोच होता. राहिले ते अंधारात बसणारे, आणि त्यांचे कोणी ऐकले नाही. पेटीने हेच पुन्हा होणार असेल तर ती पेटी गावाला फार महाग पडेल.

कायदा काय म्हणतो? केंद्राचे वीज ग्राहक हक्क नियम २०२० चे आहेत. त्यांत घरगुती ग्राहकाला चोवीस तास वीज द्यावी असे म्हटले आहे. शेतीसारख्या काही वर्गांसाठी आयोग कमी तास ठरवू शकतो. म्हणजे शेतीला आठ तास, हे उत्तर घराच्या दिव्याला लागू नाही. बिघाड किती वेळात दुरुस्त करायचा याच्या मुदती राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत आहेत, आणि मुदत चुकली तर ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. पण वीज कधी गेली आणि कधी आली, याचा पुरावा आपल्याकडे नसतो.

म्हणून प्रत्येक घरात एक वही करा. तारीख, वीज गेली ती वेळ, आली ती वेळ. १९१२ वर तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर त्याच ओळीत लिहा. एका डीपीवरच्या सगळ्या घरांच्या वह्या एकत्र करून महावितरणकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. २००३ च्या वीज कायद्यानेच ही दारे ठेवली आहेत.

ज्याने पेटी घेतली असेल त्याच्यावर एक जादा काम. त्याच्या घरात उजेड असतो, तेव्हा वहीत वेळ त्याने लिहावी, आणि अर्जावर पहिली सही त्याची असावी. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने किमान एका डीपीची महिनाभराची वही घेऊन यावी. तिथून पुढचे आपण मिळून ठरवू.