अंगठा देण्याआधी विचारा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)



मागच्या महिन्यात एका वैद्यकीय महाविद्यालयाची टीम आपल्या एका गटाच्या बैठकीला आली होती. गरोदर बायकांना एक औषध देऊन अभ्यास करायचा, असं त्यांनी सांगितलं. तिघींनी लगेच सह्या केल्या, एकीनं अंगठा दिला. नंतर मी त्यांना विचारलं, "वहिनी, कशासाठी दिलात?" तर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तिथं बसला होता ना, म्हणून." खरं सांगते, तो कागद मीही वाचला नव्हता. म्हणून आज हा विषय घेतला.

अशा अभ्यासाला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. औषध लागू पडतं का, त्रास होतो का, हे माणसांवर नियमानं तपासायचं. हे फक्त औषध कंपन्याच करतात असं नाही, विद्यापीठंही करतात. प्रायोजक विद्यापीठ म्हणजे त्या अभ्यासाची जबाबदारी घेणारं. मोठं नाव ऐकून भुलायचं नाही, आणि "आपल्यावर प्रयोग करतायत" म्हणून पळायचंही नाही.

आपल्यातल्या कितीतरी जणींचं माहेर बेळगावकडचं. तिथलीच गोष्ट सांगते. बाळंतपणानंतर अंगावरून फार जाऊन बाई दगावते, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. बेळगावचं वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतली विद्यापीठं यांनी २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर अभ्यास केला. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, नर्सबाईंच्या हातची. बाळ झाल्यावर निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. कुणाला कुठल्या, हे भिशीची चिठ्ठी काढावी तसं ठरायचं. नर्सबाईलाही माहीत नसायचं, बाईलाही नाही. नाहीतर नर्सबाई आपल्या ओळखीचीला खरी गोळी देईल की! रक्त अंदाजानं नाही, खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोजलं.

निकाल २००६ मध्ये छापून आला. खोट्या गोळ्यावाल्या शंभरांत १२ जणींना जास्त रक्तस्राव झाला, खऱ्या गोळ्यावाल्या शंभरांत साधारण ६ जणींना. थंडी वाजणं, ताप येणं हा त्रास मात्र खऱ्या गोळीनं जास्त झाला. तोही त्यांनी लिहिला, लपवला नाही. पुढं २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. त्या १६२० जणींचा त्यात वाटा आहे.

पण त्यातल्या निम्म्यांना औषध मिळालंच नव्हतं, हेही लक्षात घ्या. म्हणून पहिला प्रश्न हाच: "मला खरं औषध मिळेलच का? नाही मिळालं तर माझ्यावर उपचार काय होणार?" डॉक्टर चिडले तरी विचारा. चिडणाऱ्या डॉक्टरच्या अभ्यासात मी तरी जाणार नाही.

नव्या औषधांच्या ट्रायलसाठी आपल्याकडे २०१९ चे नियम आहेत. नैतिकता समितीची परवानगी लागते. माहितीपत्रक आपल्याला कळेल अशा भाषेत हवं. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावा लागतो. (मी साक्षीदार म्हणून चालते का? टीमला मीच गावात आणलं असेल, तर मला तरी ते पटत नाही.) सही केलेल्या कागदाची प्रत आपल्या हातात यायला हवी. अभ्यासामुळं इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही. आणि मधेच सोडावंसं वाटलं तर सोडता येतं, दवाखान्यातले नेहमीचे उपचार त्यामुळं बंद होत नाहीत.

त्या चौघींना मी परत भेटले. प्रत एकीकडंही नव्हती. टीमला फोन केला, त्यांनी प्रती पाठवतो म्हणून कबूल केलंय. येत्या मंगळवारी गटाच्या बैठकीत त्या मोठ्यानं वाचू. गरोदर सुनांनाही बरोबर आणा, आणि सासवांनी तेवढा वेळ मधे बोलू नये!