माइक त्यांच्याही हाती द्या



थंडी पडू लागली की नागपुरात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. आम्ही कन्हानकरही तिथे जातो, भाव करतो, पिशवी उचलतो आणि निघतो. या लोकांची एक वसाहत आपल्याच विदर्भात आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळची ही नोर्गेलिंग वसाहत 1972 सालची. तिथे जन्मलेल्या बहुतेक पोरांनी तिबेट डोळ्यांनी पाहिलेला नाही.

अशाच निर्वासित घरातला कवी तेन्झिन त्सुंदू. आईवडील हिमाचलात रस्त्याच्या कामावरचे मजूर. 1997 मध्ये हा एकटाच सीमा ओलांडून तिबेटात गेला. चिनी पोलिसांनी पकडलं, तीन महिने तुरुंगात ठेवलं आणि परत घालवून दिलं. पुढे मुंबई विद्यापीठात शिकताना त्यानं वर्गमित्रांकडून पैसे जमवून पहिला कवितासंग्रह काढला. जानेवारी 2002 मध्ये चीनचे पंतप्रधान झू रोंगजी मुंबईत असताना तो ओबेरॉय हॉटेलच्या परांचीवर चढला आणि तिबेटी झेंडा फडकवला. त्याची मोठी बातमी झाली. मला मात्र त्याचं गावोगावी, कॉलेजाकॉलेजांत उभं राहून कविता म्हणणं अधिक मोलाचं वाटतं. झेंडा देशाचं बोलतो. गळक्या खोलीचं आणि थकलेल्या आईबापांचं बोलायला कविताच लागते.

निर्वासिताच्या पोराला जन्मभर प्रश्नच विचारले जातात. कुठला? कागद कुठे आहे? मुदत कधी संपते? मंचावर मात्र काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, हे तोच ठरवतो. म्हणून त्याच्याकडे दुःखाचाच हट्ट धरू नये. त्याला क्रिकेटवर नाहीतर प्रेमावर म्हणायचं असेल, तर तेही मन लावून ऐकावं.

मंचावरून आपलं आपण बोलणं आपल्याला परकं नाही. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी 1930 नंतरच्या काळात अक्षरओळख नसलेल्या माणसालाही भर सभेत ताठ उभं केलं.

कन्हान-कामठीच्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या 14 एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात नोर्गेलिंगच्या मुलामुलींना बोलवा. तिबेटी, हिंदी, मराठी, ज्या भाषेत जीभ वळेल त्या भाषेत म्हणू द्या. पत्रिकेत नावापुढे ‘निर्वासित’ नको, ‘कवी’ छापा. गोठणगावहून इथवर यायचं म्हणजे दिवस मोडतो. तेव्हा प्रवासखर्च आणि रात्रीची राहायची सोय मंडळानंच पाहावी.