खटका का पडतो?

वैशाखातील दुपारी परभणी, सेलू किंवा गंगाखेड येथील एखाद्या पत्र्याच्या घरात कुलर, फ्रीज आणि पाण्याची मोटार एकाच वेळी चालू असता मीटरजवळचा खटका, ज्यास वायरमन एम.सी.बी. म्हणतो तो, वारंवार पडू लागला, की पुष्कळ घरांतून एकच तजवीज होते: सोळा अँपिअरचा खटका काढून त्या जागी बत्तीसचा बसवावयाचा. ही तजवीज घातक आहे.

या खटक्याच्या पडण्याविषयी आय.एस./आय.ई.सी. ६०८९८ हे मानक आहे आणि त्यातील मुख्य अट अशी, की खटक्यावर लिहिलेल्या प्रवाहाच्या १.१३ पट प्रवाह तासभर वाहिला तरी त्याने पडता कामा नये, आणि प्रवाह १.४५ पट झाल्यास तासाच्या आत पडलेच पाहिजे. म्हणजे सोळाचा खटका १८ अँपिअर तासभर सोसणार आणि सुमारे २३ अँपिअरला तासाच्या आत पडणार. हे कार्य आतील द्विधातूची पट्टी करते. दोन धातूंचे प्रसरण असमान असल्यामुळे ती तापून वाकते व पकड सोडविते. तारा एकमेकींस चिकटून प्रवाह एकाएकी शेकडो अँपिअरवर गेला, तर पट्टीची वाट न पाहता विद्युच्चुंबक निमिषार्धात मंडल तोडतो. खटक्याची मूठ कोणी दाबून धरली किंवा दोरीने बांधून ठेवली, तरीही आतील संपर्क तुटलाच पाहिजे, अशी मानकाची सक्त ताकीद आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते.

आता आपल्या परभणी जिल्ह्याची गोष्ट. ही मोजमापे ३० अंश तापमान गृहीत धरून ठरविलेली आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो, आणि पत्र्यालगतच्या बंद पेटीत उष्मा त्याहूनही अधिक असतो. पट्टी आधीच तापलेली असल्याने खटका लवकर पडतो, परंतु त्याच उष्म्याने भिंतीतील तारेची वहनक्षमताही घटलेली असते. तेव्हा त्याचे लवकर पडणे तारेच्या हिताचेच आहे. खटका राखतो तो तारेला. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर बत्तीसचा खटका बसविला, तर तो ३६ अँपिअर प्रवाह तासभर बिनदिक्कत वाहू देईल, आणि तेवढ्या अवधीत तारेचे आवरण वितळून आग लागण्यास अवसर मिळेल.

कुलरच्या ओल्या पत्र्यातून बसणाऱ्या झटक्यापासून मात्र हा खटका माणसास वाचवीत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर मंडल तोडणारे आर.सी.सी.बी. हे निराळे उपकरण, आणि कुलरला पक्के अर्थिंग, अवश्य हवे.

म्हणून माझी विनंती एवढीच, की खटका पडत असल्यास पेटी पत्र्यापासून दूर सावलीच्या भिंतीवर घ्यावी, कुलर व मोटार यांस पुरेशा जाडीची स्वतंत्र तार ओढून घ्यावी, आणि मोठा खटका मागण्यापूर्वी आपल्या भिंतीत किती जाडीची तार आहे, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे.